मेलेल्याला पाच प्रश्न

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. त्यावर माझे म्हणणे असे की दिवाळी हा जितका लक्ष्मीचा सण, तितकाच यमाचाही आहे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे ज्योत करून घराबाहेर एक दिवा ठेवतात, तो यमासाठी. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर तर्पण सांगितले आहे, तेही यमाचे. आणि भाऊबीज म्हणजे तर यमद्वितीयाच; त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला जातो अशी कथा आहे. चार-पाच दिवसांच्या सणात ज्याची तीनदा आठवण निघते, त्याच्याविषयी चार पाने लिहिली तर फराळाची चव बिघडू नये.

शिवाय या विषयाला निमित्तही तसेच घडले. आमच्या कल्याणच्या एक शेजारीणबाई परवा चिंताक्रांत चेहऱ्याने म्हणाल्या, “सर, तुम्ही कॉलेजातले. तुम्हीच सांगा याला. दर रविवारी डोंबिवलीला मित्राकडे जातो आणि तिथे बसून मढी उठवतो म्हणे!”

चिरंजीव बाजूलाच उभे होते. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. ते शांतपणे म्हणाले, “आई, मी उठवत नाही. मी उठलेल्यांना परत झोपवतो.”

हा खुलासा ऐकून आईची चिंता कमी झाली असे मला दिसले नाही. पण माझे कुतूहल मात्र जागे झाले, आणि पुढचे काही रविवार मी त्या डोंबिवलीच्या घरात, भिंतीला टेकून, चहा पीत आणि काहीही न बोलता घालवले. मराठीच्या प्राध्यापकाला काहीही न बोलता बसणे किती अवघड जाते, ते माझे विद्यार्थी जाणतात!

खेळ आहे तरी कसा?

या खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. म्हणजे तळघरे आणि अग्निमुखी सर्प. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली पुस्तकरूपाने बाजारात आणला. पुढे त्याच्या तऱ्हेचे शेकडो खेळ निघाले, पण या कुळाचा मूळपुरुष तोच.

टेबलाभोवती पाच-सहा गडी बसतात. त्यांतला एक सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक, कुणी पुरोहित. सूत्रधार प्रसंग सांगतो, “समोर पडका वाडा आहे, दार उघडे आहे, आतून कण्हल्याचा आवाज येतो आहे. काय करता?” गडी आपल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि ते जे करू म्हणतील ते साधते की फसते, याचा निकाल फासा देतो. फासाही साधा नव्हे, वीस बाजूंचा! पट असला तर असतो, नसला तरी चालते. संहिता कुणाच्याच हाती नसते. दशावतारी नाटकात नट रंगमंचावरच संवाद रचतात ना, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे मधेच फासे खुळखुळतात आणि राजाचा डाव उलटा पडतो.

या खेळात मरणाची विद्या अगदी जन्मापासून आहे. आर्नेसनच्या घरगुती मंडळात एका गड्याने रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचे पात्र घेतले. ते इतके भारी झाले की कुणाला आवरेना. तेव्हा त्याच्यावर उतारा म्हणून, देवाच्या नावाने पिशाच्चे पळवून लावणारा पुरोहित नव्याने निर्माण करावा लागला, अशी हकीकत या खेळाच्या इतिहासात सांगतात. म्हणजे आधी भूत आले आणि मागून देवऋषी आला. आपल्याकडे तरी याहून वेगळे काय घडते?

कोणती विद्या, कोणत्या अटीवर?

आता ज्या गड्याला मरणाशी संबंधित विद्या हवी असेल, त्याच्यापुढे कोणकोणते मार्ग असतात ते पाहू. डोंबिवलीची मंडळी २०१४ सालच्या नियमावलीवर खेळतात. २०२४ मध्ये नवी आवृत्ती निघाली, पण पुस्तके महाग आणि हातचे नियम पाठ. तेव्हा जुन्यावरच भागते.

पहिला मार्ग प्रेतविद्येच्या मांत्रिकाचा. हा हाडांचे सापळे उठवतो आणि कामाला लावतो. त्याने मंत्राने कुणाला मारले की त्याच्या स्वतःच्या अंगात थोडे बळ येते. पण उठवलेला सापळा फक्त चोवीस तास त्याचे ऐकतो. मुदत संपण्यापूर्वी पुन्हा मंत्र टाकला नाही, तर सापळा जागचा जात नाही. ताबा तेवढा जातो. घरातली उसनवारी वेळेवर फेडली नाही की काय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली भीती निराळी सांगायला नको. शिवाय नियमावली बजावून ठेवते की प्रेते उठवणे हे सत्कृत्य नव्हे, आणि ते वरचेवर करणारा माणूस दुष्टच असतो.

दुसरा मार्ग मृत्युदेवतेच्या पुरोहिताचा. हा मरणाचा भक्त. गंमत अशी की हा पर्याय गड्यांच्या पुस्तकात नाहीच. तो सूत्रधाराच्या पुस्तकात, खलपुरुष कसे रचावेत या भागात दिला आहे. गड्याला तो हवा असेल तर सूत्रधाराची परवानगी लागते.

तिसरा मार्ग २०१७ साली एका पुरवणी पुस्तकात आला. हा स्मशानरक्षक पुरोहित. जगणे आणि मरणे यांच्यामधल्या उंबरठ्यावर तो राखण करतो. कुणाला अवेळी पलीकडे जाऊ देत नाही, आणि गेलेल्याला कुणी ओढून आणून राबवत असेल तर तेही खपवून घेत नाही. एखाद्याचे बळ शून्यावर आले, प्राण कंठाशी आले, की याच्या उपचाराचा फासा टाकायचाच नाही. तो सर्वांत मोठा पडला असे धरून चालायचे. आमच्या शेजारीणबाईंचे चिरंजीव ‘परत झोपवतात’ ते हे पात्र घेऊन.

याखेरीज मेलेल्याला परत आणण्याचे मंत्र आहेत, आणि माझे मन खरे रमले ते त्यांच्या अटी वाचताना. मरून एक मिनिटही लोटले नसेल, तर तीनशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची घालून प्राण परत आणता येतो. दहा दिवसांपर्यंत झाले असतील, तर पाचशेचा हिरा आणि पुरा एक तास. असा परतलेला माणूस लगेच धडधाकट नसतो. त्याच्या प्रत्येक फाशातून चार वजा होतात, आणि रोजच्या विश्रांतीने ती वजाबाकी एकेकाने कमी होते. सर्वांत मोठा मंत्र दोनशे वर्षांपूर्वीच्या मृतालाही आणतो. त्याला पंचवीस हजारांचे हिरे लागतात. पण म्हातारपणाने आलेले मरण तोही परतवू शकत नाही. आणि या सगळ्यांवर एक अट: ज्याला बोलवायचे, त्याच्या आत्म्याची यायची इच्छा पाहिजे.

दहा दिवस! हा आकडा वाचून मी थबकलो. दहाव्याचे पिंड, दशक्रिया, दहा दिवसांचे सुतक. आपल्याकडेही मृताचा या घराशी उरलेला धागा दहा दिवसच धरतात. अमेरिकेतल्या खेळाडूंनी गरुडपुराण वाचून नियम केला असेल असे मी म्हणत नाही. पण योगायोगसुद्धा कधीकधी शहाणा असतो.

मराठीत काय म्हणावे?

मुलांनी माझ्यावर एक काम सोपवले. “सर, नेक्रोमॅन्सरला मराठीत काय म्हणायचं?” प्राध्यापकाला चहा पाजला की त्याची फेड अशी करावी लागते.

शब्द शोधू लागलो आणि ध्यानात आले की आपल्या भाषेत मेलेल्या माणसाच्या किती पायऱ्या आहेत! शव म्हणजे नुसते शरीर. प्रेत हा शब्द ‘प्र’ आणि ‘इत’ मिळून झाला. पुढे निघून गेलेला, असा त्याचा अर्थ. भूत म्हणजे जे होऊन गेले ते. व्याकरणातला भूतकाळ आणि पिंपळावरचे भूत ही एकाच घरातली भावंडे आहेत. आणि विधी यथासांग झाले, की तोच माणूस पितर होतो. तो वर्षातून एकदा पंधरवड्यात येतो, खीर-वडे जेवतो आणि निघून जातो. म्हणजे शव पुरावे किंवा जाळावे, प्रेताला वाट द्यावी, भुताला भ्यावे आणि पितराला जेवू घालावे. एका मरणाचे हे चार वेगळे व्यवहार.

आणि नेक्रोमॅन्सर? हा शब्द मूळ ग्रीक. त्यातल्या ‘नेक्रोस’चा अर्थ मृत, आणि ‘मान्तेइया’ म्हणजे अज्ञात गोष्ट जाणून घेण्याची विद्या. म्हणजे प्रेते उठवून सैन्य उभारणे हा या शब्दाचा मूळ अर्थ नव्हेच. मेलेल्यांना विचारणे, हा त्याचा अर्थ. होमरच्या ‘ओडिसी’त अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या सीमेवर जातो, खड्ड्यात बळीचे रक्त ओततो आणि त्यांच्या छायांना बोलते करतो. गेलेला असतो द्रष्ट्या टायरेसियसला पुढची वाट विचारायला. पण तिथे भेटते त्याची आई, जी वारल्याचे त्याला ठाऊकच नव्हते. तो तीनदा तिला मिठी मारायला जातो आणि तीनदा हात रिकामे राहतात.

खेळात या मूळ अर्थाचाही एक मंत्र आहे. मृताला बोलते करण्याचा. त्याच्या अटी अशा: शवाचे तोंड शाबूत पाहिजे. प्रश्न पाच, अधिक नाही. जिवंतपणी जे माहीत होते तेवढेच ते सांगेल; मेल्यानंतरचे काही नाही, भविष्य नाही. उत्तरे तुटक असतील, कोड्यातली असतील. तुम्ही त्याचे वैरी असाल, तर खरे बोललेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही. आणि एकदा विचारले की त्याच शवाला पुढले दहा दिवस पुन्हा बोलवायचे नाही.

आमचे वेताळ, आमचे चांगदेव

हे नियम वाचताना मला वारंवार वाटत होते की ही मंडळी ओळखीची आहेत.

कच आठवा. देवांना संजीवनी विद्या हवी होती, ती असुरगुरू शुक्राचार्यांपाशी होती. बृहस्पतीचा मुलगा कच ती शिकायला गेला. असुरांनी त्याला मारून लांडग्यांना घातला, तरी तो परतला. अखेर त्याला जाळून राख मद्यात कालवली आणि ती गुरूलाच पाजली. आता पेच पाहा: कच जगावा तर गुरूचे पोट फाडून बाहेर यावा लागतो, आणि गुरू जगावा तर कच मरतो. शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला विद्या शिकवली; शिष्य बाहेर आला आणि त्याने मेलेल्या गुरूला त्याच विद्येने उठवले. कथा इथेच संपली असती तर ती नुसती जादूची कथा झाली असती. पण कच देवयानीला नाकारतो, आणि ती शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मला नाही तर नाही. मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. हिऱ्याच्या जागी आयुष्यभराची किंमत! कृ. प्र. खाडिलकरांनी १९१३ साली या कथेवर ‘विद्याहरण’ नाटक लिहिले, ते मद्यपानाच्या अनर्थावर बोट ठेवून, आणि वि. स. खांडेकरांच्या १९५९ सालच्या ‘ययाति’तही कच आहे, तो संयमाचा पुतळा म्हणून. दोघांनाही संजीवनी विद्येपेक्षा तिची किंमत महत्त्वाची वाटली.

सावित्री तर माझ्या मते या खेळाची आद्य खेळाडू. यमाने वर दिले, पण अट घातली: सत्यवानाचे प्राण सोडून काय हवे ते माग. तिने सासऱ्यांची दृष्टी मागितली, राज्य मागितले, वडिलांना पुत्र मागितले. आणि मग स्वतःला शंभर पुत्र मागितले. यमाने ‘तथास्तु’ म्हटले आणि तो अडकला. नियम एकही मोडला नाही, आणि डाव जिंकला! मी हे सांगितले तेव्हा डोंबिवलीचा सूत्रधार कपाळाला हात लावून म्हणाला, “सर, असला गडी टेबलावर आला तर माझी धडगत नाही.”

वेताळपंचविशीत याच्या उलट प्रकार. तिथे प्रश्न जिवंत माणूस विचारत नाही, मढे विचारते. राजा खांद्यावर प्रेत घेऊन चालला आहे. त्यातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी न्याय विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. पण वरचेवर त्रास देणारा हाच वेताळ अखेर राजाला सावध करतो की ज्या बैराग्यासाठी तू मला वाहतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे. आणि वेताळ आपल्याकडे नुसता गोष्टीत राहिला नाही. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार आहे. त्याला भक्त केळी आणि चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. रात्री गावाभोवती फेरी घालून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. भुतांचा स्वामी, आणि काम पहारेकऱ्याचे! पुरवणी पुस्तकातला तो स्मशानरक्षक पुरोहित कोकणातल्या माणसाला २०१७ पर्यंत वाट पाहून शिकावा लागला नसता.

आणि सर्वांवर कळस म्हणजे चांगदेव आणि ज्ञानेश्वर. चांगदेव योगबळाने दरवेळी काळाला चुकवून चौदाशे वर्षे जगला, असे परंपरा सांगते. त्याने ज्ञानेश्वरांना पत्र पाठवले ते कोरे. मायना काय लिहावा हेच कळेना. चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याची कथा घरोघर ठाऊक आहे. उलट ज्ञानेश्वरांविषयी आख्यायिका आहे की नेवाशाला त्यांनी सच्चिदानंदबाबांना मरणातून उठवले. पण ज्यांच्या नावावर दुसऱ्याला उठवल्याची कथा आहे, त्यांनी स्वतः १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला, विशीत असतानाच आळंदीला समाधी घेतली. त्या समाधीला आपण संजीवन म्हणतो. एकाकडे आयुष्य होते आणि लिहायला काही नव्हते. दुसऱ्याचे लिहून झाले होते.

आयांची काळजी

आता शेजारीणबाईंच्या काळजीकडे वळतो, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अशीच काळजी अमेरिकेतल्या आयांनाही वाटली होती. तिथे एका मुलाने आत्महत्या केली, त्याच्या आईने या खेळाला दोष दिला आणि १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना काढली. वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी, चर्चची प्रवचने यांतून बरेच वादळ उठले. पण खेळामुळे मुले जिवाचे बरेवाईट करतात, हे पुढे सिद्ध झाले नाही. त्या मातेचे दुःख खरे होते. तिने शोधलेले कारण टिकले नाही.

आणि महाराष्ट्रात तर खऱ्या जादूटोण्याशी झगडा झाला आहे, तोही रक्त सांडून. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, त्याचा अध्यादेश त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. नरबळी आणि अघोरी प्रथा करणाऱ्याला त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड.

मग हा खेळ त्यातलाच का? मला दोहोंत फरक ओळखायची सोपी खूण सापडली आहे. मांत्रिक आपले नियम कधी सांगत नाही. मंत्र फसला तर तुमची श्रद्धा कमी पडली, कोंबडे काळे नव्हते, अमावास्या टळली. दोष नेहमी गिऱ्हाइकाचा! खेळात नियम छापलेले असतात, किंमत आधी ठरलेली असते, फासा सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतो आणि फसला तर फसला. मांत्रिक दुःखी माणसाला सांगतो की माझ्यापाशी मर्यादा नाही. खेळाचे पुस्तक मात्र पानोपानी मर्यादाच सांगते. शेजारीणबाईंना मी एवढेच म्हणालो की तुमचा मुलगा अटी वाचायला शिकतो आहे. त्याला कुणी बुवा सहजी फसवणार नाही.

त्या म्हणाल्या, “ते खरं. पण मरणाशी खेळायचंच कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर मला युक्तिवादाने देता आले नाही. एका रविवारी जे पाहिले ते सांगतो.

पाच प्रश्न

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात मरण हे काही पुस्तकातले पाहुणे नव्हे. रोज सकाळी दाराच्या दांडीला लटकून ही मुले जातात, आणि कळवा-मुंब्र्याचा प्रवास श्वास रोखून करतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून माणसे खाली पडली, आणि काही परत घरी गेली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या गाडीला तीच गर्दी होती.

डोंबिवलीच्या त्या टेबलावर आणखी एक मुलगा बसतो. कमी बोलतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याचे वडील करोनाने गेले. इस्पितळात नेले तेव्हा ते चालत गेले होते. त्यानंतर घरच्यांना त्यांचे दर्शन झाले नाही. अंत्यसंस्कार परस्पर झाले. दहाव्याला घाटावर जाणे झाले नाही.

आता आपल्याकडचे दहावे म्हणजे काय असते, ते वाचकांना सांगायला नको. पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. मुलीचे लग्न करू, आईला सांभाळू, भावाशी भांडणार नाही, असे एकेक वचन देतो. आणि कावळा शिवला की सगळ्यांचा श्वास सुटतो. हा प्रश्नोत्तरांचाच प्रकार नव्हे काय? मेलेल्याला विचारायचे, “कशात जीव अडकला?” आणि उत्तर कावळ्याच्या पंखांवर वाचायचे. त्या वर्षी कित्येक घरांचे हे विचारणे राहून गेले.

त्या रविवारी डाव असा पडला की एका मुलीचे पात्र, शूर तिरंदाज, दरीत पडून मेले. मरणाच्या दारातही या खेळात तीन संधी असतात. वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडले तर बरे, खाली पडले तर वाईट. जे आधी तीनदा होईल तो निकाल. तिचे तीनदा वाईट पडले. मंडळींकडे हिरा होता, पाचशे मुद्रांचाच, महिनाभर जपून ठेवलेला. आणि स्मशानरक्षक पुरोहिताचे पात्र त्या दिवशी या कमी बोलणाऱ्या मुलाकडे होते. शेजारीणबाईंच्या चिरंजीवांना सर्दी झाली होती.

सूत्रधाराने नियमाप्रमाणे मुलीला विचारले, “तिची परत यायची इच्छा आहे का?”

ती म्हणाली, “नको रे. मला आता चेटकीण घ्यायची आहे.” सगळे हसले.

तो हसला नाही. म्हणाला, “मग जाळायच्या आधी मी तिच्याशी बोलतो. पाच प्रश्न.” सूत्रधाराने उत्तरे त्या मुलीनेच द्यावीत असे ठरवले.

पहिले तीन प्रश्न कामाचे होते. दरीत कोण दिसले, नकाशा कुठे ठेवला, धनुष्य कुणाला द्यायचे. तिने नियमाप्रमाणे तुटक उत्तरे दिली. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, “दुखलं का?”

मुलीने त्याच्याकडे पाहिले. तिला त्याच्या घरचे ठाऊक होते. तिथल्या सगळ्यांनाच ठाऊक होते. ती म्हणाली, “नाही. पटकन झालं.”

“आम्ही जवळ नव्हतो, त्याचा राग आहे का?”

“नाही.”

पाच झाले. सहावा विचारायची सोय नियमात नाही. त्याने आपल्या पात्राच्या वतीने चितेला अग्नी दिल्याचे सांगितले, सूत्रधाराने पुढची खोली उघडली, आणि कुणाच्या तरी आईने आतून बटाटेवड्यांची ताटली पाठवली.

खेळाने त्याचे वडील परत आले नाहीत. दुःख हलके झाले की नाही, ते मी त्याला विचारले नाही. पण जो प्रश्न कुठे विचारावा हे चार वर्षे त्याला सापडले नव्हते, तो त्याने तिथे विचारला. समोर मृत नव्हता, मंत्र खोटा होता, आणि उत्तर एका मैत्रिणीने दिले होते. हे त्याला आणि सगळ्यांना पक्के ठाऊक होते. तरी तो प्रश्न मोठ्याने उच्चारला गेला.

शब्दाचे काम मात्र मी पुरे केले. सापळे राबवणाऱ्याला ‘प्रेतराबव्या’ म्हणावे असे सुचवले. मुलांना ते फार आवडले. स्मशानरक्षकाला त्यांनीच परस्पर ‘वेतोबा’ म्हणायला सुरुवात केली आहे. आणि मेलेल्याला प्रश्न विचारणाऱ्यासाठी मी चार-पाच संस्कृत समास जुळवून नेले होते, ते त्यांनी एकमुखाने नापास केले. त्या कमी बोलणाऱ्या मुलाने वहीत आपल्या पात्रापुढे साधा शब्द लिहिला होता. तोच आम्ही कायम केला: ‘विचारणारा’.